स्प्रेच्या कॅनवर लिहिलंय काय आणि आत आहे काय: वंगण घेताना या चुका टाळा

जून लागला की पुण्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांत काउंटरवर स्प्रेचे कॅन ओळीने उभे राहतात. गेटच्या बिजागऱ्या कुरकुरायला लागलेल्या असतात, लॅचमध्ये किल्ली अडकत असते आणि कॅनवर छापलेलं असतं: गंज काढतो, वंगण देतो, ओलावा हटवतो, साफ करतो, संरक्षण करतो. एवढी सगळी कामं एकाच लाल नळीतून. यातली काही कामं एकमेकांच्या मुळावर उठणारी आहेत, पण ते कोण छापणार? गंजलेल्या आट्यांत शिरायचं तर द्रव पाण्यासारखा पातळ हवा. बिजागरीत वर्षभर टिकायचं तर तो जाडसर आणि धरून राहणारा हवा.

"सुटलं" म्हणजे "वंगण झालं" असं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

सगळ्यांना माहीत असलेलं डब्ल्यूडी-४० घ्या. १९५३ साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने ते तयार केलं ते पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी. ॲटलास क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यावर ते वापरलं गेलं. त्याचं सुरक्षा-पत्रक नेटवर मिळतं, ते वाचा. निम्म्याच्या आसपास भाग हळूहळू उडून जाणाऱ्या हलक्या द्रावकांचा, खनिज तेल ३५ टक्क्यांहून कमी आणि बाहेर ढकलायला दोन-तीन टक्के कार्बन डायऑक्साइड. भिजलेला स्पार्क प्लग, स्टिकरचा चिकटा, जाम झालेला स्क्रू, या कामांना ते चोख आहे. दोष मालाचा नाही. पातळ मालाकडून ग्रीसचं काम मागणाऱ्याचा आहे.

आता एरंडवण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीच्या दाराचं कुलूप बघा. साधं पिन-सिलिंडर, म्हणजे आतल्या स्प्रिंगवरच्या छोट्या पिना किल्लीने उचलल्या की फिरणारं. पावसाळ्यात किल्ली अडायला लागली, वॉचमनने स्प्रे मारला, किल्ली झक्कास फिरली. सगळे खूश. पंधरवड्याने पुन्हा अडली, पुन्हा फवारा. मग आठवड्याने. मग दिवसाआड. दिवाळीच्या सुमारास किल्ली आत गेली ती गेलीच. चावीवाल्याने सिलिंडर उघडला तेव्हा पाचपैकी दोन पिना आपापल्या स्प्रिंगांसकट काळ्या लेपात रुतलेल्या होत्या. द्रावकाने मूळचं वंगण धुऊन नेलं होतं. मागे राहिलेल्या तेलकट थराने शेजारच्या बांधकामाची धूळ धरली, किल्लीने ती आत ढकलली आणि पुढच्या प्रत्येक फवाऱ्याने तो राडा आणखी खोल नेला. सिलिंडर नवा घ्यावा लागला. "कुलूपच हलकं होतं," यावर सोसायटीत एकमत झालं. सोसायटीत एकमत होणारा विषय विरळाच!

कुलपासाठी आमची पद्धत अशी: तोच पातळ स्प्रे फक्त धुण्यासाठी वापरा. नळी किल्लीच्या भोकात लावून फवारा, किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करा आणि दर वेळी चिंधीला पुसा. किल्ली स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवा. मग एक दिवस सुकू द्या. त्यानंतर चिमटीत मावेल त्याहूनही कमी ग्रॅफाइट पावडर, किंवा सुकणारा पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) स्प्रे. दोन्ही नकोत, आणि ग्रॅफाइटवर तेल तर मुळीच नको, नाहीतर पुन्हा तोच लेप तयार होईल. घरात काहीच नसेल तर ६बी पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासा, वेळ निभावते.

बिजागरीला हे सोपस्कार लागत नाहीत. दाराखाली पाचर सारून भार हलका करा, सांध्यात वरून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, दार वीसेक वेळा उघडझाप करा आणि ओघळलेलं काळं पाणी पुसून घ्या. लोखंडी गेटला मात्र तेल पुरत नाही. तिथे पांढरं लिथियम ग्रीस लावा, कारण पाऊस थेट सांध्यावर पडतो.

कॅनवर "दीर्घकाळ टिकणारं" लिहिलंय ते कितपत खरं, हे घरी तपासता येतं. सोनाराच्या कामाचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. स्टीलचं झाकण त्यावर ठेवून शून्य करा, ५ ग्रॅम भरेपर्यंत स्प्रे मारा, झाकण बाल्कनीत सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा वजन करा. उरलं तेवढंच तुमचं वंगण. मग झाकण तिरपं धरा: उरलेलं झरझर ओघळतंय, की थर धरून राहतंय? पावणेदोन ग्रॅम उरत असेल तर कॅनचा भावही त्याच हिशेबाने धरायचा. पॅकवर दर ग्रॅमची किंमत छापलेली असते ती आतल्या सगळ्या वजनावर काढलेली, त्यात ढकलणारा गॅसही आला.

स्टॉलवरच्या दांड्याच्या यंत्रावर भुलणं

प्रदर्शनात, कधी पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, एक छोटं यंत्र मांडलेलं असतं. मोटरवर फिरणारी स्टीलची रिंग, तिच्यावर दांड्याने दाबलेला बेअरिंगचा रोलर, दांड्याच्या टोकाला वजनं. आधी साधं तेल घालतात: दोन-तीन वजनांतच किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि मोटर थांबते. मग "आपलं" रसायन थोडंसं घालतात. आता सगळी वजनं लटकवली तरी रिंग फिरत राहते. रोलरवरचा ओरखडा दाखवतात, साध्या तेलाचा मोठा, यांचा राईएवढा. माणूस लगेच खिशात हात घालतो.

यंत्र खोटं नाही, पण ते तपासतं भलतंच. रोलर आणि रिंग जवळजवळ एका ठिपक्यावर टेकतात, त्यामुळे तिथला दाब प्रचंड असतो. घरातल्या बिजागरीत किंवा खिडकीच्या रुळावर असा दाब कधी येत नाही. असल्या दाबाखाली क्लोरीनयुक्त पदार्थ फार छान चालतात: घर्षणाच्या उष्णतेने धातूवर क्लोराइडचा पातळ थर चढतो आणि चिकटणं टळतं. म्हणून क्लोरीनचा ब्लीच किंवा काही शाम्पूसुद्धा या यंत्रावर साध्या तेलाला हरवतात. ब्लीच कुणी बिजागरीत घालत नाही. उलट क्लोरीनयुक्त पदार्थात ओलावा शिरला की आम्ल तयार होऊन धातू खाल्ला जाण्याची भीती असते, आणि पावसाळ्यात ओलावा फुकट मिळतो. शिवाय विक्रेता पहिली फेरी संपल्यावर रिंग नीट पुसत नाही आणि रोलर फिरवून नवी बाजू लावतो की नाही, तेही कुणी बघत नाही.

स्टॉलवर एकच मागणी करा: "साध्या तेलाऐवजी गिअर ऑइल घाला." तेही त्या वजनांना बऱ्यापैकी टिकतं, आणि मग संभाषण लवकर आटोपतं. चार-गोळे चाचणीचा (तीन स्टीलच्या गोळ्यांवर चौथा दाबून फिरवतात आणि पडलेला ओरखडा मोजतात) आकडा दाखवला तर भार, वेग, तापमान आणि वेळ विचारा. नेहमीच्या पद्धतीत ४० किलोचा भार, मिनिटाला १२०० फेरे, ७५ अंश आणि एक तास असतो. या चार गोष्टींशिवाय ओरखड्याचा मिलिमीटर कवडीमोलाचा.

बाकीच्या, थोडक्यात

"इतके तास मिठाच्या फवाऱ्यात गंज नाही": ही चाचणी ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात होते. तिचे तास गुणून पुण्यातले पावसाळे काढता येत नाहीत. दोन स्प्रेंची तुलना करायची असेल तरच आकडा बघा.

सीलिंग फॅनच्या बेअरिंगवर स्प्रे: फॅनमध्ये बहुधा ६२०१ किंवा ६२०२ बेअरिंग असतं, दोन्ही बाजूंनी झाकलेलं. तेल आत पोचलंच तर ग्रीस पातळ करून बाहेर काढतं. चार दिवस शांतता, मग आधीपेक्षा मोठा खडखडाट. बेअरिंग बदला.

बाइकच्या चेनला घरगुती स्प्रे: धुण्यापुरता ठीक. वंगण म्हणून एसएई ९० गिअर ऑइल किंवा चेनचाच स्प्रे, तोही आतल्या बाजूने, चेन कोमट असताना. जादा पुसा. डिस्क ब्रेकवर थेंब उडाला तर तसेच गाडीवर बसू नका.

स्लायडिंग खिडकी: आधी रुळातली माती ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, मग सिलिकॉन स्प्रे. माती तशीच ठेवून फवारणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही. ज्या भिंतीला किंवा ग्रिलला रंग द्यायचाय, तिच्या आसपास सिलिकॉन उडवू नका. रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

खोबरेल तेल: पुण्याच्या डिसेंबरात बाटलीतच गोठतं. कुलपात वेगळं काय होणार?

"क्षणात सुटतं": जाम नटावर फवारून लगेच पान्ह्याला लोंबकळणारे उतावळे लोक नटाचे कोपरे झिजवतात आणि शिव्या स्प्रेला घालतात. तारेच्या ब्रशने गंज झाडा, फवारा, हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा फवारा. जुना गंज असेल तर रात्रभर सोडा. सकाळी आधी थोडा घट्ट करायचा प्रयत्न करा, मग सैल. गरम करायची वेळ आली तर स्प्रे मारलेल्या नटावर ज्योत धरायची नाही.

"इलेक्ट्रिकलसाठी सुरक्षित": द्रव वीज वाहत नसेल, पण तो पेटतो, आणि बऱ्याच स्वस्त कॅनमध्ये ढकलणारा गॅस चक्क एलपीजी असतो. मेन स्विच बंद न करता बोर्डात फवारू नका. शेगडीच्या नॉबवर तर नकोच.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत एक आणि तळाच्या टिपेत दुसरंच, असं दिसलं तर फोटो काढून ठेवा. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तळाची टीप मूळ दाव्याच्याच भाषेत हवी, आणि खोटा दावा तिच्या आधाराने सावरून घेता येत नाही. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. बिल मात्र जपून ठेवा.