तलवारी-किल्ल्यांच्या सिनेमातला इतिहास कसा तपासायचा (आणि तरी सिनेमा एंजॉय कसा करायचा)

मध्ययुगीन युरोपावरचा नवा सिनेमा आला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, अरे सिनेमा आहे तो, डॉक्युमेंटरी नाही, गप बघ. दुसरी पार्टी ट्रेलर पॉज करून करून सांगते की ते शिरस्त्राण नंतरच्या काळातलं आहे, म्हणजे अख्खा सिनेमा भंगार. असले सिनेमे बघून आणि त्यावर वाद घालून घालून आता मला दोघांचाही वैताग येतो. पहिल्यांना काही तपासायचंच नसतं, आणि दुसरे तपासतात ते भलत्याच ठिकाणी. खाली देतेय ती पद्धत मी स्वतः वापरते. नेट आहे, सबटायटल वाचता येतात, वही-पेन हाताशी आहे असं धरून चाललेय.

१. आधी सिनेमा बघा

सलग, फोन लांब ठेवून. पुढे.

२. सिनेमा स्वतःला काय म्हणवतोय ते ठरवा

पहिल्या पाच मिनिटांत कळतं. 'अ नाइट्स टेल' सुरू होतो तेव्हा भालेबाजीच्या मैदानातली पब्लिक चक्क क्वीन बँडच्या रॉक गाण्यावर टाळ्या वाजवत असते. हा सिनेमा तुम्हाला काहीही फसवत नाहीये, तेव्हा त्याच्या चुका काढायला बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा. याउलट 'ब्रेव्हहार्ट' पडद्यावर साल टाकतो, गंभीर आवाजात निवेदन देतो, वर इंग्लंडचे इतिहासकार मला खोटं ठरवतील असा टोमणाही मारून ठेवतो. ज्याने स्वतःहून साल टाकलंय त्याला साल विचारायचा आपल्याला हक्क आहे.

रॉबिन हूडचं प्रकरण तिसरंच. तिथे ताडून बघायला पक्का इतिहासच नाही. जुन्या पोवाडेवजा गाण्यांमध्ये राजा म्हणून एडवर्डचं नाव येतं, त्याला सिंहहृदयी रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं ते १६व्या शतकातल्या लेखकांनी, आणि नॉर्मन (फ्रान्सकडून आलेले राज्यकर्ते) विरुद्ध सॅक्सन (आधीचे इंग्लिश) हे भांडण त्यात घुसलं ते १९व्या शतकातल्या एका कादंबरीमुळे. बरं, ज्या रिचर्डची सगळं जंगल वाट बघत असतं तो दहा वर्षांच्या राज्यकाळात जेमतेम सहा महिने इंग्लंडात होता. म्हणून रॉबिन हूडचा सिनेमा 'खरा नाही' असं म्हणू नका, दंतकथेशी कसा खेळलाय तेवढंच बघा.

३. साल, जागा आणि माणसांची जन्म-मृत्यूची सालं लिहून काढा

दहा मिनिटांचं काम आहे आणि अर्धे घोळ इथेच बाहेर पडतात. 'ब्रेव्हहार्ट'मध्ये इंग्लंडविरुद्ध लढणारा स्कॉटिश बंडखोर विल्यम वॉलेस आणि फ्रान्सची राजकन्या इझाबेला यांचं प्रेमप्रकरण दाखवलंय. वॉलेसला लंडनमध्ये देहदंड दिला १३०५ साली. तेव्हा इझाबेला साधारण दहा वर्षांची पोर होती, फ्रान्समध्ये होती, आणि लग्न होऊन इंग्लंडला आली ती १३०८ मध्ये. तिच्या पोटातलं मूल वॉलेसचं असं सिनेमा सुचवतो, तर तिचा थोरला मुलगा तिसरा एडवर्ड जन्मला १३१२ साली. म्हणजे वॉलेस जाऊन सात वर्षं झाल्यावर.

नकाशाही उघडा. 'रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्हज'मधला हिरो डोव्हरला, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला उतरतो, मध्यावरच्या नॉटिंगहॅमकडे निघतो आणि वाटेत पार उत्तरेकडची हेड्रियनची भिंत लागते. असल्या चुकीवर हसायचं आणि सोडून द्यायचं, हिने कोणाचंच काही बिघडत नाही.

४. सामानसुमान: इथे जास्त वेळ घालवू नका

कपडे, शस्त्रं, खाणं, दिवे. पंधरा मिनिटं पुरेत. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत: १४९२ आधीच्या युरोपात बटाटा-टोमॅटो-मका, वायकिंगच्या डोक्यावर शिंगं (ती १९व्या शतकातल्या ऑपेराच्या कपडेपटातून आली), १३व्या शतकातल्या स्कॉटिश माणसाला घोळदार किल्ट (तो १६व्या शतकाच्या शेवटाकडचा), रिचर्डच्या काळात दुर्बीण (ती १६०८ची), आणि आतून खिळे असलेली लोखंडी शवपेटी जी मुळात मध्ययुगात नव्हतीच. आणि सगळं राखाडी-तपकिरी का असतं देव जाणे, लोकांकडे लाल, पिवळा, निळा असे वनस्पतींचे मस्त रंग होते, किल्ल्यांना आतून गिलावा असायचा, लंडनच्या व्हाइट टॉवरला तर चुना फासलेला असायचा म्हणून ते नाव पडलं.

हिरोचं डोकं उघडं असणं मात्र माफ करा. चेहरा दिसला नाही तर अभिनय कोणाचा बघायचा?

एक गोष्ट मला खरंच खुपते ती धनुर्धाऱ्यांची. रांग उभी आहे, सगळ्यांनी दोरी कानापर्यंत ओढलीये, सेनापती हात वर करून थांबलाय, कॅमेरा एकेक चेहरा दाखवत हळूहळू सरकतोय आणि हे बिचारे तसेच ताणून उभे. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोज या इंग्लिश जहाजावर सव्वाशेच्या वर लांब धनुष्यं सापडली, ती पूर्ण ओढायला साधारण ४५ ते ८० किलोचा जोर लागत असणार असा अंदाज आहे. एवढं ओझं दोन बोटांवर धरून कोणी भाषण ऐकत उभं राहत नाही, ओढायचं आणि सोडायचं. शूटिंगला हलकी धनुष्यं देतात, ठीक आहे, पण दोरी ओढणाऱ्याच्या खांद्यात आणि पाठीत जरासुद्धा ताण दिसत नाही तेव्हा अख्खी लढाई खोटी वाटायला लागते.

५. कुठला बदल चालेल आणि कुठला नाही

या पायरीने मला सगळ्यात जास्त छळलंय आणि नेटवरचे सगळे सल्ले इथेच तोंडावर पडतात. लोक चुका मोजतात. या सिनेमात तीस, त्या सिनेमात बारा, म्हणून तो चांगला. हे बंद करा! चुकीचं बूट आणि चुकीचा विजय या दोन्हीला एकेक मार्क कापणारी पद्धत कामाची नाही.

प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारायचा: यामुळे ती घटना *का* घडली हे बदललं का? माणसं गाळली, दोन माणसांची एक केली, दहा वर्षं तीन तासांत कोंबली, हे सगळं चालतं, सिनेमाला तेवढी मोकळीक नसेल तर सिनेमा बनणारच नाही. पण कारणच काढून टाकलं तर जे उरतं त्याला इतिहास म्हणू नका.

उदाहरण घ्या. ११ सप्टेंबर १२९७, स्टर्लिंग ब्रिजची लढाई. नदीवर एक अरुंद लाकडी पूल, एका वेळी दोनच घोडेस्वार शेजारी शेजारी जाऊ शकतील एवढाच. इंग्लिश सैन्य ओलांडायला लागलं. वॉलेस आणि त्याच्या बरोबरीचा सेनानी अँड्र्यू मरे समोरच्या उंचावर गप्प बसून राहिले, आपल्याला झेपेल एवढं सैन्य अलीकडे आलं तेव्हा खाली उतरले आणि पुलाचं तोंड अडवलं. पलीकडचे इंग्लिश बघत राहिले, अलीकडचे नदी आणि भाले यांच्यात चेंगरले. 'ब्रेव्हहार्ट'मध्ये ही लढाई आहे पण पूल नाही, मोकळं मैदान आहे. मरेही नाही. मग जिंकले कसे? तर जोरदार भाषण, लांब अणकुचीदार वासे आणि छातीतली आग. लढाईचा सीन म्हणून जबरदस्त आहे, मी आजही बघते, पण थंड डोक्याने वाट बघून जिंकलेली लढाई त्यांनी जोशात जिंकलेली करून टाकली. माझ्यासाठी हा किल्टपेक्षा शंभरपट मोठा गुन्हा आहे, आणि गंमत म्हणजे लोक ओरडतात ते किल्टवरच.

आता 'किंगडम ऑफ हेवन' बघा. हिरो बेलियन फ्रान्समधला लोहार दाखवलाय, खरा बेलियन जेरुसलेमकडच्याच सरदार घराण्यातला होता. राणी सिबिलाशी त्याचं प्रेमप्रकरण काल्पनिक, खरी सिबिला नवऱ्याला सोडायला तयार नव्हती. पण जुलै ११८७ मध्ये हॅटिनला जेरुसलेमच्या ख्रिस्ती सैन्याचा सत्यानाश का झाला, हे सिनेमा नीट सांगतो: झरे सोडून भर उन्हात पाण्याविना निघाले, तहानेने अर्धे मेले आणि मग मुस्लिम सुलतान सलाउद्दिनने उरलेलं काम केलं. कारण शाबूत आहे, म्हणून तिथे मी पूर्ण मार्क देते.

पण त्याच सिनेमाचा शेवट बघा. जेरुसलेम शहर शरण येतं, सलाउद्दिन सगळ्यांना सुरक्षित जाऊ देतो, आपल्याला भरून येतं. प्रत्यक्षात खंडणी ठरली होती, पुरुषाला १० दिनार, बाईला ५, मुलाला १, आणि भरायला चाळीस दिवस. बऱ्याच गरिबांना सोडून दिलं हे खरं, पण ज्यांच्याकडे पैसे नव्हते असे हजारो लोक गुलाम म्हणून गेले. इथे मला सूट देता येत नाही. एका बाजूला उदार दाखवायच्या नादात पैसे नसलेली माणसं सिनेमातूनच गायब झाली.

म्हणजे निकाल अख्ख्या सिनेमावर लावायचा नाही, प्रसंगावर लावायचा. 'आउटलॉ किंग'मधली १३०७ची लाउडन हिलची लढाई: स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने चर खणून इंग्लिश घोडदळाची वाट अरुंद केली, दलदलीचा फायदा घेतला, हे सिनेमात आहे आणि बरोबर आहे. शेवटी ब्रूस आणि इंग्लंडचा राजपुत्र चिखलात समोरासमोर भिडतात, तर राजपुत्र तिथे नव्हताच, आणि त्याचा बाप जो सिनेमात आधीच मेलाय तो प्रत्यक्षात लढाईनंतर दोनेक महिन्यांनी गेला. चालतंय! सिनेमाला शेवटी एक माणूस समोर लागतो, आणि लढाई कशी जिंकली ते तर आधीच दाखवून झालंय.

अडकलात तर तो बदल काढून प्रसंग मनात परत लावून बघा. बदल काढल्यावरही निकाल त्याच कारणाने तसाच लागत असेल तर सोडा, नसेल तर वहीत लाल पेनाने लिहा.

६. माणसांच्या डोक्यात काय आहे ते बघा

पाचवी जमली की ही पटकन जमते. पोशाख १२व्या शतकाचा आणि विचार कालच्या सकाळचे, हा रोग या सिनेमांना कायमचा आहे. हिरो देवाबद्दल साशंक, सगळे पाद्री ढोंगी. अरे बाबांनो, हॅटिनला ते लोक ख्रिस्ताच्या क्रुसाचा तुकडा घेऊन गेले होते आणि तो शत्रूच्या हाती लागला याचा युरोपभर आक्रोश झाला, पुढच्या धर्मयुद्धामागे त्याचाही हात होता. ते खरंच मानायचे.

उलटं उदाहरण 'द लास्ट ड्युएल'. डिसेंबर १३८६ मधलं पॅरिसचं द्वंद्व, बायकोने केलेल्या बलात्काराच्या आरोपावरून नवरा आणि आरोपी यांच्यातलं. त्यातली शिरस्त्राणं अर्धा चेहरा उघडा ठेवणारी आहेत, ओळखू यावं म्हणून केलेली, मॅडपणा आहे. पण नवरा हरला तर देवाने निकाल दिला, म्हणजे बायको खोटं बोलली, म्हणजे तिला जाळायचं, हा त्या काळचा हिशोब सिनेमा हसण्यावारी नेत नाही. मी हे शिरस्त्राण आनंदाने पदरात घेते.

७. पडताळायचं कुठे

चुकांच्या व्हिडिओंवरून नाही, ते एकमेकांचंच कॉपी करतात. चित्रं बघा: १०६६च्या (नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं ते साल) आसपासचं असेल तर बायो (Bayeux) गावची भरतकामाची पट्टी, १३वं शतक असेल तर १२४०च्या दशकातलं मॉर्गन बायबल नावाचं सचित्र हस्तलिखित, त्यात तंबू, चिलखतं, शेतकरी, सगळं नेटवर फुकट बघता येतं. थडग्यांवरचे सरदारांचे पुतळेही उत्तम.

फक्त एक सांभाळा. त्या काळचे चित्रकार जुनी गोष्ट रंगवताना पात्रांना स्वतःच्या काळाचे कपडे घालायचे. फ्रुआसार या बखरकाराच्या बखरीत १४व्या शतकातल्या लढाया आहेत, पण प्रसिद्ध चित्रं १५व्या शतकातली, म्हणून चिलखतंही १५व्या शतकातली. चित्रात गोष्ट कुठल्या सालची हे न बघता चित्र कधी काढलं ते बघायचं. हे न बघता कमेंटमध्ये पुरावा म्हणून चित्र चिकटवणारे रोज दिसतात.

८. निकाल लिहा

दोन वाक्यं बास. एक जमलेल्याबद्दल, एक लाल पेनाच्या गोष्टींबद्दल, किल्ट आणि बटाट्याला त्यात जागा नाही.

आणि लिहायच्या आधी कुठली आवृत्ती बघितली ते तपासा, कारण 'किंगडम ऑफ हेवन'ची दिग्दर्शकाची आवृत्ती थिएटरवाल्यापेक्षा जवळजवळ पाऊण तास मोठी आहे. थिएटरमध्ये सिबिलाचा छोटा मुलगा, जो खरंच राजा झाला होता आणि लहानपणीच वारला, तो अख्खा कापलेला होता. मोठ्या आवृत्तीत तो परत आणलाय, आणि मग आईच त्याला विष देते असं दाखवलंय, ज्याला काही आधार नाही.