उचलता रेल्वे पूल शिकायचाय? आधी वजनाचा हिशेब

मुंबई-नवी मुंबईतली इंजिनिअरिंगची मुलं वाशी खाडीचा पूल लोकलने रोज ओलांडतात, पण तो जागचा हलत नाही. जहाजाला वाट करून देणारा पूल अभ्यासायचा तर तमिळनाडूत रामेश्वरमला जोडणारा पांबनचा समुद्रावरचा रेल्वे पूल घ्यावा. १९१४ चा जुना पूल शेर्झर पद्धतीचा होता: मधल्या गाळ्याची (दोन खांबांमधल्या भागाची) दोन पाती गोलाकार बुडावर मागे लोळत उघडायची, तीही माणसांनी हाताने यंत्र फिरवून. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा अख्खा गाळा आडवाच १७ मीटर वर जातो. उभं पातं शिडासारखं वारा धरतं. आडव्या गाळ्याला तो त्रास बराच कमी.

नवखे विद्यार्थी थेट मोटर किती अश्वशक्तीची, इथेच जातात. मोटर गाळा उचलत नाही, काउंटरवेट (दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेलं तोलाचं वजन) उचलतं. समजा गाळा ६०० टनांचा आहे आणि दोन टॉवरवर २९५-२९५ टनांची काउंटरवेट आहेत. उरले १० टन, शिवाय घर्षण आणि वारा; मोटरला एवढंच पेलायचं असतं. हे १० टन मुद्दाम ठेवतात, म्हणजे गाळा स्वतःच्या वजनाने बेअरिंगवर (खांबावरच्या आधारावर) घट्ट बसतो. पुढे कुणी रंगाचे थर चढवले, नवी पायवाट जोडली आणि ४ टन वाढले, तर गाळ्याच्या मानाने ती वाढ नगण्य; पण मोटरवरचा फरक १० चा १४ झाला, म्हणजे ४० टक्के जास्त. म्हणून दुरुस्तीत चढलेल्या-उतरलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन नोंदवायचं आणि काउंटरवेटमधले ठोकळे कमी-जास्त करायचे. दोरांचं वजनही विसरू नका: गाळा वर जाताना दोर कप्पीवरून काउंटरवेटच्या बाजूला सरकतो आणि तोल बदलत जातो.

चार कोपऱ्यांचे वायर रोप सारखे ताणले जात नाहीत. एक कोपरा मागे राहिला की गाळा तिरका होऊन गाइडमध्ये (त्याला सरळ वर नेणाऱ्या खाचेत) अडकतो. म्हणून चारही कोपऱ्यांची उंची सतत मोजतात आणि फरक मर्यादेबाहेर गेला की यंत्रणा थांबवतात.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे गाळ्याच्या टोकाचा रूळ. तो तिथे तुटकच ठेवावा लागतो. ७२.५ मीटर पोलाद ३० अंशांच्या फरकाने सुमारे २६ मिलिमीटर वाढतं, म्हणून साध्या फटीऐवजी तिरका कापलेला सांधा देतात. चाक आदळू नये यासाठी क्रम पक्का: गाळा बसला, कुलूपदांडे आत गेले, दोन्हींची खात्री सिग्नल यंत्रणेला मिळाली, मगच सिग्नल हिरवा.

खारट हवेतला गंज बघायला पांबन गाठायची गरज नाही. ओहोटीच्या वेळी खाडीकाठच्या कुठल्याही जेट्टीचे लोखंडी खांब पाहा. भरतीचं पाणी पोचतं त्या रेषेच्या जरा वर, जिथे लाटांचे शिंतोडे उडतात, त्या पट्ट्यात ते सर्वात जास्त खाल्लेले दिसतील.

वाचनासाठी आरडीएसओचे (रेल्वेची संशोधन आणि मानकं ठरवणारी संस्था) ब्रिज रूल्स आणि पुण्याच्या इरिसेनची (रेल्वेच्या सिव्हिल इंजिनिअरांची प्रशिक्षण संस्था) पुस्तकं घ्या. सिव्हिल डिप्लोमावाल्यांना रेल्वेत आरआरबीच्या (रेल्वे भरती मंडळाच्या) ज्युनिअर इंजिनिअर परीक्षेतून जाता येतं. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनीही या कामाकडे बघावं, कारण दोर, गिअर आणि इंटरलॉकिंग (गाळा बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊ न देणारी यंत्रणा) त्यांच्याच हातात असतं.