गुहेतली पांढरी वाणी ‘नवी प्रजाती’ म्हणण्याआधी या चुका टाळा

सड्याखालच्या जांभ्याच्या भुयारात बॅटरी मारली आणि पांढरीफटक, बिनडोळ्यांची वाणी (अनेक पायांचा मिलिपीड किडा) दिसली, की फोटो लगेच ग्रुपवर जातो: ‘नवी गुहावासी प्रजाती!’ जरा दम धरा. पॉलिडेस्मिडा गणातल्या, म्हणजे बहुतेक चपट्या पाठीच्या वाण्यांना डोळे नसतातच. परसातल्या पाचोळ्यातल्यांनाही नसतात. नुकती कात टाकलेली वाणीही पांढरीच दिसते. पाय आणि शृंगिका लांब असतील, आणि बाहेर शोधूनही ती सापडत नसेल, तर गुहेचा विचार करा. म्हणजे भुयाराबाहेरचा पाचोळाही तितकाच चाळायला हवा. काम कंटाळवाणं, म्हणून तेच राहून जातं.

सगळ्यात महागात पडते ती नर नसताना ओळख पटवण्याची घाई. बहुतेक वाण्यांची प्रजाती ठरते प्रौढ नराच्या अंगाच्या सातव्या वलयावरच्या गोनोपॉडवरून. हे वीर्य पोचवण्यासाठी बदललेले पाय. उलटी धरून पाहिलं की तिथे पायांच्या रांगेत खंड दिसतो. एकदा दोन दिवस गुडघे सोलवटून मी अकरा नमुने आणले. भिंगाखाली पाहतो तर नऊ माद्या, दोन पिल्लं! पिल्लांची वलयं आणि पाय कातीगणिक वाढतात, त्यामुळे ‘पाय कमी, म्हणून वेगळी’ हेही फसवंच.

नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, डीएनए खराब होतो. रचनेसाठी ७० ते ८० टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी ९५ टक्क्यांच्या वरचं. त्यात मात्र अंग ठिसूळ होतं. रंग उडतो, म्हणून फोटो जिवंतपणीच. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, मग तारीखही गेली आणि गावही. चपट्या वाण्या इतर जिवंत किड्यांसोबत एकाच डबीत कोंडू नका: डिवचल्यावर त्या हायड्रोजन सायनाइड सोडतात, कडू बदामासारखा वास येतो.

वनखात्याची परवानगी आधीच घ्या; नंतर धावपळ करून उपयोग नाही.

आणि नाव आधी बातमीत देऊ नका. वर्णन आणि ज्याला नाव बांधलेलं असतं तो प्रमाण नमुना (बहुधा एकच, म्हणजे होलोटाइप) ठरवल्याशिवाय छापलेलं नाव वैध ठरत नाही. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापायचं असेल, तर २०१२ पासूनच्या नियमानुसार झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी लागते. भारतातल्या वाण्यांचे कितीतरी जुने मूळ नमुने लंडन, जिनिव्हाच्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर आपली ‘नवी’ वाणी शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेली निघू शकते.