स्वीडिश पिक्चर बघायचेत? मग असे बघा

पहिलं म्हणजे ऑफिसमधून घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सुटून आल्या आल्या लावू नका, झोप लागेल, रविवारची दुपार बरी. आणि सबटायटल्स लावूनच बघा, डबिंग नको.

सुरुवात 'ईट स्लीप डाय' (2012) ने करा, गाब्रिएला पिचलरचा आहे. फॅक्टरीत सॅलड पॅक करणाऱ्या राशाची नोकरी जाते आणि मग छोट्याशा गावात ती काम शोधत फिरते, घरी बाप. वागळे इस्टेटमधली कंपनी बंद झाल्यावर आमचे काका तरी डबा घेऊन सकाळी निघायचेच, कुठे ते कोणी विचारायचं नाही, मला तेच आठवत राहिलं.

मग दिग्दर्शक लुकास मूडिसनचा 'लिल्या फॉरएव्हर' (2002). सोळा वर्षांच्या मुलीला आई सोडून अमेरिकेला जाते, नोकरीचं आमिष दाखवून तिला स्वीडनला नेतात आणि पुढे विकतात. हा रात्री एकट्याने नका बघू, खरंच.

जुनं चालत असेल तर 'दे कॉल अस मिसफिट्स' (1968), स्टॉकहोममधल्या केंटा आणि स्टॉफे या दोन पोरांवरची डॉक्युमेंटरी. पुढचे भाग 1979 आणि 1993 चे, क्रमानेच घ्या, कारण दुसऱ्यात तीच पोरं मोठी होऊन ड्रग्जमध्ये अडकलेली दिसतात, मध्येच उडी मारलीत तर काहीच लागणार नाही.