भेट द्यायची गोधडी: कापड मागण्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत

बाळंतविडा न्यायचा असला की आमच्या घरी अजूनही आधी दुपटं शिवायला घेतात. झबली-टोपडी बाजारातून येतात, कुंचीही हल्ली तयार मिळते, पण दुपटं घरचंच. बाळाच्या नाजूक कातडीला नवं कापड खरखरतं, आणि वीस वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेली साडी कुठल्याच दुकानात मिळत नाही. मी शिकले ती अशा दुपट्यांवर. पुढे बहिणीच्या लग्नात, मैत्रिणीच्या नव्या घराला, भाच्याला वसतिगृहात न्यायला अशा मोठ्या गोधड्या शिवल्या. पहिल्यांदाच शिवणार असाल तर तुम्हीही ३ फूट बाय ३ फुटांच्या दुपट्यापासून सुरुवात करा. टाका हातात बसतो आणि काम आठवड्याभरात संपतं.

कापड कुणाचं?

माझा आग्रह एकच आहे. ज्याला गोधडी द्यायची, त्याच्या घरचं कापड तिच्यात हवं. दुकानातून छापील कापडाचे तागे आणून सुंदर रजई होते, पण आपल्याकडे गोधडी म्हणतात ती आजीच्या लुगड्याची, आजोबांच्या धोतराची. त्यामुळे पहिलं काम सुईचं नाही, मागण्याचं आहे. सरळ फोन करायचा आणि सांगायचं, “आईच्या दोन-चार जुन्या सुती साड्या काढून ठेव, मला हव्यात.” कशाला ते सांगायचं की नाही, हे तुमच्यावर. मी बहुतेकदा सांगते, कारण मग लोक कपाटाच्या तळातलं, खरं जपलेलं काढून देतात.

माझ्या एका मैत्रिणीनं आई गेल्यावर वर्षभर ते कपाट उघडलं नव्हतं. वर्षश्राद्ध झाल्यावर चार साड्या माझ्या हातात दिल्या. एका अंजिरी साडीवर निऱ्यांच्या जागी हातानं रफू केलेलं होतं, बोटाच्या पेराएवढं, अगदी मिळत्या दोऱ्यानं. मी तेवढा भाग कापायला निघाले होते. मग विचार बदलला आणि ती जागा वरच्या थरात, कोपऱ्याजवळ, हाताला लागेल अशी ठेवली. गोधडी उलगडल्यावर मैत्रीण त्या रफूवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली.

एक मात्र आधी विचारून घ्या. गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या बाळाला काही घरांत चालत नाही. तिथे हयात असलेल्या आजी-पणजीचं कापड मागावं.

कापडाची पारख

सगळं कापड सुतीच हवं. नऊवारी लुगडी, सहावारी सुती साड्या, धोतरं, पंचे, मलमलच्या ओढण्या, जुन्या चादरी. नायलॉन, जॉर्जेट, टेरिकॉट नको. घाम शोषत नाही आणि धुतल्यावर सुतापासून वेगळं होऊन फुगतं. शंका आली तर कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. जीनचं कापडही बाजूला ठेवा, पाच थरांतून सुई ओढताना हात भरून येतो. जरीचा काठ असेल तर तो पायाकडे घ्या, हनुवटीशी आला तर रात्रभर टोचतो.

आता धुणं. खळ दिलेल्या साड्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवून खळ काढायची. नवं कापड वापरणार असाल, अगदी अस्तरापुरतंही, तर ते दोनदा धुऊन आटवून घ्यायचं. प्रत्येक रंगीत कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासायचा. रंग उतरला तर ते कापड पुन्हा पुन्हा धुवा, तरी उतरला तर सोडून द्या. माझ्या दुसऱ्याच गोधडीत मी हे केलं नाही. गडद लाल इरकल लुगडं पांढऱ्या धोतराशेजारी लावलं आणि पहिल्याच धुण्यात धोतराचे सगळे चौकोन गुलाबी, डागाळलेले झाले. महिनाभराचं काम होतं, भेटही देऊन झाली होती. ते धोतर त्यांच्या आजोबांचं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

माप आणि थर

एका माणसाच्या अंथरुणाला ५ फूट बाय ७ फूट पुरे. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच भरतो, म्हणजे दीड पन्हा लागतो. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे जवळपास १८ फूट. तिचे साडेसात फुटी दोन तुकडे होतात: एक अख्खा आणि दुसरा उभा अर्धा कापून असा एक थर. उरलेला अर्धा पुढच्या थराला. दोघांसाठी गोधडी हवी असेल तर हिशेब सोपा आहे, एका थराला एक साडी, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी जोडून.

थर किती? पावसाळ्यात पांघरायला तीन, पुण्या-नाशिकच्या थंडीला पाच. सातच्या पुढे हाताच्या सुईनं जाऊ नये. मुलगी परदेशात असेल आणि गोधडी मशीनमध्येच धुतली जाणार असेल तर तीनच ठेवा, ओली गोधडी फार जड होते.

वरच्या थरावर हौस करायची. चौकोन, त्रिकोण, मधे पदर, चार कोपऱ्यांना खण, जसं सुचेल तसं. हे तुकडे आणि पन्हे जोडायला शिलाई मशीन खुशाल वापरा. सगळे थर एकत्र पकडणारा धावदोरा मात्र हातानंच. मशीनच्या टाक्यानं थर दाबून घट्ट बसतात. हातटाका सैल असतो, थरांमध्ये हवा राहते, आणि ऊब त्या हवेची असते.

अंथरणं, हेच खरं कौशल्य

गोधडी बिघडते ती इथे. खोलीतलं सामान सरकवून फरशी पुसून कोरडी करा. गच्चीवर नको, वारा कापड उचलतो. सगळ्यात खालचं कापड सुलट बाजू जमिनीकडे करून अंथरा आणि कोपऱ्यांवर भरलेले डबे ठेवा. मग एकेक थर. प्रत्येक थरावर मधून कडेकडे तळहात फिरवायचा, इस्त्री केल्यासारखा. आतल्या थरांत फाटके तुकडे चालतात, पण ते कडेला कड भिडवून लावा. एकमेकांवर चढले तर तिथे वळ उठतो आणि पाठीला लागतो.

सगळ्यात वर सजवलेला थर आला की कच्चे टाके. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर काढताना दिसतो. मधोमध सुरू करून आठ दिशांना, वीतभर अंतरावर, लांब लांब टाके. कंटाळा करून इथे दहा टाके वाचवले तर पुढे मधोमध झोळ येतो आणि तो कशानंही जात नाही.

धावदोरा

आधी कडा बंद करायच्या. वरचं आणि खालचं कापड इंचभर आत दुमडून शिवा, किंवा लुगड्याच्या काठाची मगजी, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेली पट्टी, लावा. मगजीनं कड जास्त टिकते.

दोरा जाड, सुती, दुहेरी. लांबी हातभरच घ्या. लांब घेतला तर दर चार टाक्यांनी गुंता सोडवत बसावं लागतं. सुईवरून मेणाचा तुकडा ओढायचा नाही, दोऱ्यावरून ओढायचा, मग तो कापडातून सरकतो. गाठ दोन थरांमध्ये ओढून लपवायची.

शिवताना गोधडीवरच बसावं. अंगाच्या भारानं कापड ताणलेलं राहतं. कडेपासून अर्ध्या इंचावर सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत फिरत आत जायचं. इंचाला तीन टाके, दोन ओळींत इंचभर अंतर. सुईवर तीन-चार टाके एकदम घेऊन मग दोरा ओढा, पण हलक्या हातानं. जोरात ओढला की कापड आकसतं आणि ओळीला चुण्या पडतात. डावा हात खाली घालून प्रत्येक टाका शेवटच्या थरापर्यंत पोचतोय ना, ते चाचपत राहा. वरून देखणी दिसणारी ओळ खालचा थर पकडतेच असं नाही. ५ बाय ७ च्या गोधडीत शेवटी चौकोन उरत नाही. मधोमध २ फुटांची एक रेघ उरते, तिथे संपवायचं.

वेळेचा अंदाज हवा म्हणून सांगते. इंचभर अंतराच्या ओळी धरल्या तर या मापात ४२० फूट धावदोरा पडतो. मला एका फुटाला पाच मिनिटं लागतात, म्हणजे ३५ तास. रोज एक तास बसलं तर सव्वा महिना. दुहेरी दोरा गाठी-वळणांसकट हजारएक फूट, म्हणजे ३०० मीटर लागतो. एकाच वेळी आणून ठेवा, नंतर तीच छटा मिळेलच असं नाही. लग्नाची तारीख ठरली की दोन महिने आधी कापड मागायला लागा.

देण्याआधी

कच्चे टाके काढा. मागच्या बाजूला कोपऱ्यात साखळी टाक्यानं वर्ष घाला, आणि कुणाकुणाची कापडं आहेत त्यांची नावं. एकदा गार पाण्यात रिठ्यानं धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. ठेवताना डांबरगोळ्या घालू नका, बाळाच्या दुपट्यात तर मुळीच नाही, तान्ह्याला त्या घातक आहेत. वाळलेला कडुनिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवला की झालं.

घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या निघतात, आपटून-धोपटून धुतल्या जातात, आणि सैल राहिलेला टाका त्याच धुण्यात सुटतो. म्हणून मी गोधडीच्या घडीत एक सुई, त्याच दोऱ्याची छोटी लडी आणि वरच्या थरातल्या कापडाचा वीतभर तुकडा ठेवून देते.