अमेरिकेच्या निवडणुकीचा अभ्यास एका राज्यापासून सुरू करावा

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक अभ्यासक्रमात आली की पहिल्या वर्षाचे बहुतेक विद्यार्थी उमेदवारांच्या भाषणांकडे आणि दूरचित्रवाणीवरील वादविवादांकडे वळतात. त्यातून प्रचार समजतो, निवडणूक समजत नाही. ती समजून घ्यायची तर आधी आपल्याकडील व्यवस्थेचे चित्र बाजूला ठेवावे लागते. भारतीय निवडणूक आयोगासारखी, देशभरातील मतदान पार पाडणारी यंत्रणा तेथे नाही. तेथील संघीय निवडणूक आयोग प्रचारातील पैशाच्या नियमांवर देखरेख करतो. मतपत्रिका, मतदारनोंदणी आणि मतमोजणी राज्यांच्या कायद्यांनुसार चालते आणि प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी काउंटीची, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाची, कार्यालये करतात. नॉर्थ डकोटा राज्यात तर मतदारनोंदणीच नाही.

यानंतर राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाचा पहिला भाग आणि १८०४ सालची बारावी घटनादुरुस्ती मुळातून वाचावी. मजकूर थोडा आहे, भाषा मात्र जुनी आहे. दोनदा वाचावा लागेल. अध्यक्षाची निवड थेट जनता करत नसून राज्याराज्यांतून निवडलेले निर्वाचक करतात, हे त्यातून स्पष्ट होते.

आता कागद-पेन्सिल घेऊन गणित करावे, कारण सारी गोम येथेच आहे. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात; प्रतिनिधीगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहे. राज्याचे प्रतिनिधीगृहात जितके सदस्य, त्यात सिनेटचे दोन मिळवले की त्याच्या निर्वाचकांची संख्या मिळते. प्रतिनिधीगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि राजधानी वॉशिंग्टनचे ३ मिळून ५३८ होतात. बहुमतासाठी २७० लागतात. २०२० च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख आणि निर्वाचक ५४, तर वायोमिंगची लोकसंख्या सुमारे ५ लाख ७७ हजार आणि निर्वाचक ३. भागाकार केल्यास कॅलिफोर्नियात एका निर्वाचकामागे सुमारे ७ लाख ३२ हजार, तर वायोमिंगमध्ये १ लाख ९२ हजार लोक येतात. त्यातच मेन आणि नेब्रास्का वगळता सर्व राज्यांत, तसेच राजधानीतही, सर्वाधिक मते मिळवणाऱ्याच्या पदरात तेथील सगळे निर्वाचक पडतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष कसे झाले, याचे उत्तर मुख्यतः या दुसऱ्या नियमात आहे.

त्यानंतर एकच राज्य निवडून त्याची एक निवडणूक बारकाईने पाहावी. माझ्या मते २०२० चे जॉर्जिया यासाठी उत्तम आहे. सुमारे ५० लाख मतांपैकी अवघ्या ११,७७९ मतांच्या फरकाने जो बायडेन यांना तेथील १६ निर्वाचक मिळाले. अध्यक्षपदाची सर्व मते पुन्हा हाताने मोजली गेली, त्यानंतर यंत्रानेही फेरमोजणी झाली. सिनेटसाठी मात्र त्या राज्यात नुसती आघाडी पुरेशी नसून निम्म्याहून अधिक मते लागतात, म्हणून दोन्ही जागांसाठी ५ जानेवारी २०२१ रोजी दुसरी फेरी घ्यावी लागली आणि तिच्या निकालाने सिनेटमधील बळ ५०-५० झाले. राज्यातील १५९ काउंट्यांचे आकडे तक्त्यात मांडून अटलांटा परिसर आणि ग्रामीण भाग यांची तुलना केली, तर विजेत्या पक्षाच्या रंगाने रंगवलेला नकाशा का फसवतो तेही ध्यानात येते: नकाशा जमीन दाखवतो, मतदार नव्हे.

तारखांची एक पट्टी तयार करावी. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान, डिसेंबरात निर्वाचकांचे मतदान, ६ जानेवारीला काँग्रेससमोर मोजणी, २० जानेवारीला शपथविधी. मतदानाच्या रात्री वृत्तवाहिन्या जो विजेता जाहीर करतात तो त्यांचा अंदाज असतो, त्यामुळे टिपणात राज्याने प्रमाणित केलेलेच आकडे घ्यावेत.

पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका शेवटी अभ्यासाव्यात. प्रत्येक राज्याचे आणि पक्षाचे नियम निराळे असल्याने सुरुवातीलाच त्यांत शिरणारा विद्यार्थी हमखास गोंधळतो. निवडलेल्या एका राज्यापुरते ते वाचले, तरी पहिल्या वर्षासाठी पुरेसे आहे.