रानभाताच्या संकरातील गर्भ कसा वाचवला: माझा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या भातशेतात तपकिरी तुडतुड्यांमुळे करपलेले गोल चट्टे मी लहानपणापासून पाहत आले, म्हणूनच बेळगावच्या प्रयोगशाळेत या किडीला दाद न देणाऱ्या ओरायझा ऑफिसिनॅलिस या रानभाताशी लागवडीच्या भाताचा संकर करायला घेतला. दोघांची गुणसूत्रे २४च, पण जनुकसंच वेगळे (भाताचा ‘अ अ’, रानभाताचा ‘क क’), त्यामुळे दाणा धरे, मात्र भ्रूणपोष (दाण्यातील गर्भाला अन्न पुरवणारा भाग) न वाढल्याने तो पंधरवड्यात आत पाणचट होऊन सुरकुते.

दोन हंगाम मी दाणा पिकण्याची वाट पाहिली, हीच चूक होती. तिसऱ्या वेळी परागीकरणानंतर जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संप्रेरक फवारले आणि अकराव्या दिवशीच हिरवा दाणा निर्जंतुक करून, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा दुधी गर्भ अलगद काढला व काचनळीत पाव मात्रेच्या एमएस (मुराशिगे-स्कूग) या पोषक माध्यमावर अंधारात ठेवला. कोंब दिसताच नळी उजेडात आणली. पहिल्या पिढीची रोपे वांझ निघतात, त्यामुळे आता त्यांच्यावर पुन्हा लागवडीच्या भाताचेच पराग टाकते आहे, आणि त्या दाण्यांचे गर्भही असेच वाचवावे लागतात.